हॉटेलच्या पत्त्यावर राहिलेला लेखक: व्हिएन्ना, बर्लिन, पॅरिस

ऑस्ट्रियन लेखक आणि पत्रकार योझेफ रोटच्या कादंबऱ्या वाचलेली माणसं अधूनमधून भेटतात. त्याचे वर्तमानपत्रातले लेख वाचलेलं मात्र क्वचितच कोणी भेटतं. मला तो आधी भेटला तो या लेखांतूनच. पुण्यात मी एका पुरवणीचं काम बघते. दुसऱ्या दिवशी रद्दीत जाणाऱ्या मजकुरावर एखादा माणूस इतका जीव कसा ओततो, याचं मला कायम अप्रूप वाटत आलंय. आत्यानं आयुष्यभर जर्मन शिकवलं आणि तिच्या कपाटात रोटचा एक अख्खा कप्पा आहे. या मे महिन्यात आम्ही दोघी निघालो ते एवढं ठरवून, की तो जिथं राहिला, हिंडला, तिथं जायचं आणि त्या जागेवर त्यानं लिहिलेलं तिथंच बसून वाचायचं.

त्याचा जन्म २ सप्टेंबर १८९४ चा, ब्रोडी या गावातला. गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गालित्सिया प्रांतात, रशियाच्या सीमेला अगदी लागून होतं. आज ते युक्रेनमध्ये आहे. तिथं युद्ध चालू आहे, म्हणून ते सोडलं. वडील त्याच्या जन्माआधीच मनोरुग्ण होऊन घरापासून दुरावले, त्यांची त्याची कधी भेटच झाली नाही. पुढे तो वडिलांबद्दल दर वेळी वेगळी गोष्ट सांगे, कधी ते अधिकारी असत तर कधी चित्रकार. स्वतःच्या जन्मगावाबद्दल आणि युद्धातल्या हुद्द्याबद्दलही त्यानं थापा मारल्या. आत्याला याचा राग येतो, मला येत नाही. बाप न पाहिलेल्या मुलानं बाप रचला, एवढंच मला त्यात दिसतं.

शनिवार, व्हिएन्ना

उतरलो तेव्हा पाऊस, आणि तो दिवसभर थांबला नाही. सामान टाकून थेट लेओपोल्डश्टाट गाठलं. डॅन्यूब नदी आणि डॅन्यूब कालवा यांच्यामधला हा भाग. गालित्सियाहून येणारी गाडी इथल्या नॉर्डबानहोफला थांबायची आणि उतरलेली ज्यू कुटुंबं आसपासच बिऱ्हाड करायची. जुनं स्टेशन पाडलं, आता तिथं प्राटरस्टर्नची वर्दळ आहे. रोट १९१३-१४ च्या सुमारास शिकायला आला. युद्ध सुरू झाल्यावर आईही आली आणि ही मंडळी रेम्ब्रांटश्ट्रासवर ३५ नंबरच्या घरात राहिली.

घर साधंच आहे, भिंतीवर पाटी आहे. आम्ही छत्री सावरत पाटी वाचत होतो, तेवढ्यात भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी दार उघडायला आल्या. आत्यानं जर्मनमध्ये विचारलं, तुम्ही वाचलंय का त्याचं काही? त्या म्हणाल्या, शाळेत त्याची ‘हिओब’ कादंबरी होती आणि शेवटी मी रडले होते. मग दाराशी थांबून त्यांनी आत्याची उलटतपासणी घेतली: हे पुस्तक भारतात कोण वाचतं, का वाचतं, तुमच्याकडेही घरातली मुलं अशी दूरदेशी जातात का? शेवटच्या प्रश्नावर आत्या नुसती हसली. तिचा मुलगा टोरोंटोला आहे.

आजींनीच कार्मेलिटर मार्केटला पाठवलं. शनिवारी सकाळी तिथं आसपासचे शेतकरी माल घेऊन येतात. गरम राय पावावर लिप्टावर लावून खाल्लं. लिप्टावर म्हणजे पापरिका, कांदा घातलेलं लालसर चीज. शाकाहारी माणसाला व्हिएन्नात याच्यासारखा आधार नाही. त्यावर टोप्फनस्ट्रुडल, म्हणजे दह्याच्या चक्क्यासारखं गोड सारण भरलेली गरम वळकटी.

दुपारी कॉफीहाउसमध्ये बसून त्याचं १९२७ चं ‘युडन आउफ वांडरशाफ्ट’ काढलं. पूर्वेकडून आलेल्या ज्यूंवरचं हे पुस्तक. व्हिएन्नात परका, पूर्वेचा ज्यू असण्यापेक्षा अवघड नशीब नाही, असं त्यात तो लिहितो. मग फेरीवाले, हप्त्यानं माल विकणारे, शिक्क्यांसाठी कचेऱ्यांपुढे ताटकळणारे. कचेरीतला कारकून कोणत्या सुरात बोलतो तेही त्याच्या नजरेतून सुटत नाही.

इथंच त्याची पत्रकारिता सुरू झाली. १९१९ मध्ये ‘डेर नॉये टाग’ हे दैनिक निघालं आणि साधारण वर्षभरानं बंद पडलं. तेवढ्यात पंचविशीतल्या या पोरानं सुमारे शंभर लेख लिहिले, पुष्कळदा ‘योझेफुस’ या सहीनं. विषय काय, तर युद्धावरून परतलेले लंगडे शिपाई, चलनाचा गोंधळ, वसंतात कॉफीहाउसबाहेर मांडलेल्या खुर्च्या. साम्राज्य कोसळल्यावर शहर कसं दिसतं ते या खुर्च्यांवरून कळतं.

रविवार, व्हिएन्ना

नॉयर मार्क्टवरच्या कापुत्सिनर चर्चखाली हाब्सबुर्ग या ऑस्ट्रियाच्या राजघराण्याचं दफनाचं तळघर आहे. धातूच्या प्रचंड शवपेट्या, काहींवर मुकुट घातलेल्या कवट्या. बादशहा फ्रान्स योझेफ मध्ये उंचावर, एका बाजूला बायको एलिझाबेथ, दुसऱ्या बाजूला आत्महत्या केलेला मुलगा रुडॉल्फ. एलिझाबेथच्या पेटीशी फुलांचा खच होता. बादशहाच्या वाट्याला त्या मानानं कमी.

३० नोव्हेंबर १९१६ ला बादशहाची अंत्ययात्रा निघाली तेव्हा रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या सैनिकांच्या रांगेत गणवेशातला रोट होता. बारा वर्षांनी, १९२८ मध्ये, त्यानं त्यावर ‘फ्रांकफुर्टर त्साइटुंग’मध्ये लेख लिहिला. तो मी चौकातल्या बाकावर बसून आत्याला वाचून दाखवला. डोक्याला हे सगळं निरर्थक आहे हे कळत होतं आणि तरी आत काहीतरी तुटत होतं, असा त्याचा सूर. १९३२ मध्ये आलेल्या ‘राडेट्स्कीमार्श’चं बीज मला या लेखात दिसतं. कादंबरीत ट्रोटा घराण्याच्या तीन पिढ्या आहेत. आजोबा सोल्फेरिनोच्या लढाईत तरुण बादशहाचा जीव वाचवतो. नातू पहिल्या महायुद्धात तहानलेल्या सैनिकांसाठी पाणी आणताना गोळी लागून मरतो. आणि मधला, जिल्ह्याचा अधिकारी असलेला बाप, बादशहाला या तळघरात पोचवतात त्याच दिवशी मरतो. बातमीदारानं रांगेत उभं राहून पाहिलेला दिवस कादंबरीकारानं सोळा वर्षं जपून ठेवला आणि अखेरच्या पानांवर वापरला.

तळघरात गर्दी टाळायची तर उघडताच जा. खाली मे महिन्यातही चांगलंच गार असतं, अंगावर काहीतरी घ्या.

सोमवार, व्हिएन्ना

हा दिवस रोटच्या बायकोसाठी, फ्रीडलसाठी ठेवला होता. फ्रीडरिके राइशलर, व्हिएन्नाचीच मुलगी. ५ मार्च १९२२ ला दोघांचं लग्न झालं. तो सतत फिरतीवर, ही हॉटेलच्या खोल्यांमध्ये एकटी. काही वर्षांतच तिच्यावर स्किझोफ्रेनियाचा घाला आला. खाजगी उपचारगृहांची बिलं भागवायला तो प्रकाशकांकडून आगाऊ पैसे उचलत राहिला, कादंबरीमागून कादंबरी लिहीत राहिला, आणि पीत राहिला. तीसच्या दशकात ती काही काळ शहराच्या पश्चिम टोकाच्या श्टाइनहोफ मनोरुग्णालयात होती.

४८ए नंबरची बस तिथं नेते. टेकडी, झाडी, मधेमधे इमारती आणि माथ्यावर ओटो वाग्नरनं बांधलेलं सोनेरी घुमटाचं चर्च. पाऊस थांबला होता आणि सगळीकडे एल्डरचा फुलोरा. खाली आवारात, नाझी काळात इथं मारल्या गेलेल्या मुलांच्या स्मरणार्थ दिव्यांचे खांब उभे केलेत, एकूण ७७२. फ्रीडलला पुढे दुसऱ्या रुग्णालयात हलवलं आणि जुलै १९४० मध्ये लिंत्सजवळच्या हार्टहाइमला नेऊन विषारी वायूनं मारलं. मनोरुग्णांना संपवण्याच्या सरकारी मोहिमेतल्या हजारो बळींपैकी ती एक. रोट तेव्हा हयात नव्हता.

त्याच्यावरच्या लेखांत फ्रीडल बहुतेकदा एका परिच्छेदात उरकली जाते. मला ते बरोबर वाटत नाही. ‘हिओब’मधली वेड लागलेली मुलगी आणि बापाची देवाशी भांडणं वाचताना ही टेकडी डोळ्यांपुढे असायला हवी.

मंगळवार, रेल्वे

प्राग, ड्रेस्डेन करत बर्लिन. एल्बेच्या खोऱ्यात डाव्या-उजव्या बाजूंवरून डब्यात चर्चा झडतात. प्रागहून निघाल्यावर उजवीकडे बसा, नदी बराच वेळ सोबत राहते.

बुधवार, बर्लिन

१९२० मध्ये पैसा आणि वर्तमानपत्रं दोन्ही बर्लिनमध्ये होती, म्हणून तोही आला. डाव्या ‘फोरवेर्ट्स’साठी लिहिताना तो ‘लाल योझेफ’ होता. १९२३ पासून ‘फ्रांकफुर्टर त्साइटुंग’. हे उदारमतवादी, अतिशय मानाचं दैनिक. त्यांच्यासाठी तो पुढे पॅरिस, सोव्हिएत रशिया, अल्बानिया, पोलंड, इटली फिरला. १९२६ मध्ये मॉस्कोत जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिनला भेटला, तेव्हा बेन्यामिननं नोंदवून ठेवलं की हा जवळजवळ बोल्शेविक होऊन रशियात आला आणि राजेशाहीवादी होऊन निघाला.

जर्मन वर्तमानपत्रांत पानाच्या खालच्या भागात एक आडवी रेघ असे. वर राजकारण, खाली ललित. रोट रेघेखालचा माणूस. पण १९२३ च्या शरदात व्हिएन्नाच्या ‘आर्बाइटर-त्साइटुंग’मध्ये त्याची पहिली कादंबरी ‘दास श्पिननेत्स’ क्रमशः आली. तिचा विषय गुप्त उजव्या संघटनांत वर चढत जाणारा एक खुनशी, बावचळलेला तरुण, आणि तीत हिटलरचं नावही येतं. शेवटचा भाग ६ नोव्हेंबरला छापला गेला. म्युनिकमध्ये हिटलरनं उठाव केला तो ८ तारखेला. ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘आनो’ या संग्रहात या वर्तमानपत्राचे जुने अंक फुकट पाहता येतात. अंकातच वाचा. आजूबाजूच्या बातम्या आणि जाहिरातींमुळे अंगावर काटा येतो.

सकाळी ग्लाइसड्राइएकला गेलो. १९२४ मध्ये या रेल्वे-तिठ्यावर त्यानं लिहिलेला लेख म्हणजे लोखंडाला वाहिलेलं स्तोत्र आहे: रूळ, सिग्नल, ठिणग्या, माणसाहून मोठी यंत्रं. आज खाली मोठी बाग आहे. जुने रूळ तसेच ठेवलेत आणि त्यांच्यामधून बर्चची झाडं उगवून आलीत. वरून पिवळी यू-बान, म्हणजे बर्लिनची मेट्रो, खडखडत वळते. शाळेतली पोरं स्केटबोर्डवर घसरत होती. त्यांतल्या एकीनं आत्याला विचारलं, काय वाचताय? आत्यानं दोन वाक्यं मोठ्यांदा वाचली. मुलगी म्हणाली, “म्हणजे इथं?” आणि रुळांकडे बघत राहिली. मला तो क्षण फार आवडला.

दुपारी शॉयननफीर्टेल, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्यूंची जुनी वस्ती. तेव्हाची ग्रेनाडिअरश्ट्रास आता आल्मश्टाटश्ट्रास झाली आहे, हिर्टनश्ट्रास अजून त्याच नावानं आहे. एवढी उदास गल्ली जगात नाही, असं तो हिर्टनश्ट्रासबद्दल म्हणाला होता. गालित्सियाहून आलेली कुटुंबं इथं दाटीवाटीनं राहायची, आणि ५ नोव्हेंबर १९२३ ला जमावानं या गल्ल्यांत ज्यूंची घरं-दुकानं लुटली. आता महागडी दुकानं आहेत. नाझींच्या बळींची नावं कोरलेल्या, फरशीत बसवलेल्या पितळी चौकटी वाकून वाचल्या तरच काही उमगतं.

जेवायला पोट्सडामर श्ट्रासवरच्या ‘योझेफ-रोट-डीले’त. तो याच परिसरात काही काळ राहिला होता. भिंतींवर त्याची वाक्यं, टेबलांवर चौकड्यांचे कापड, आणि जेवण घरगुती. शतावरीचा मोसम होता: पांढरी शतावरी, उकडलेले बटाटे, वर लोणी-अंड्याचा सॉस. अंडं चालत नसेल तर आधी सांगा. जाण्यापूर्वी वेळ बघून जा, शनिवार-रविवारच्या भरवशावर राहू नका.

गुरुवार, बर्लिन

बेबेलप्लात्स. १० मे १९३३ ला नाझींनी इथं पुस्तकं जाळली. चौकाच्या मध्यावर जमिनीत काच आहे आणि खाली मिखा उलमननं घडवलेली पांढऱ्या, रिकाम्या फळ्यांची खोली, वीस हजार पुस्तकं मावतील एवढी. दुपारच्या उन्हात काचेत स्वतःचाच चेहरा दिसतो. संध्याकाळी जा, खालचा दिवा लागल्यावर फळ्या नीट दिसतात.

रोट तेव्हा जर्मनीत नव्हता. ३० जानेवारी १९३३, हिटलर चान्सेलर झाला त्याच दिवशी, त्यानं पॅरिसची गाडी पकडली आणि पुन्हा जर्मनीत पाऊल टाकलं नाही. फेब्रुवारीच्या मध्यात लेखक-मित्र श्टेफान त्स्वाइगला लिहिलेल्या पत्रात तो स्पष्ट सांगतो: आपण मोठ्या संकटाकडे चाललोय, हे सगळं युद्धाकडे नेणार, भ्रमात राहू नका, नरकाचं राज्य आलंय. जाणत्या माणसांना हे वादळ चार महिन्यांत ओसरेल असं वाटत होतं तेव्हाचं हे पत्र आहे. दहा वर्षं रेघेखाली बसून त्यानं खानावळी, रात्रीची निवारागृहं, भरती झालेले बेकार तरुण पाहिले होते. त्याला ज्योतिषाची गरज नव्हती.

शुक्रवार, रेल्वे

आता बर्लिन-पॅरिस थेट दिवसाची गाडी आहे, साधारण आठ तासांची. तिकीट लवकर काढलं तर विमानाइतकाच खर्च येतो. फ्रांकफुर्टला त्याच्या वर्तमानपत्राचं शहर खिडकीतून पाहिलं. स्ट्रासबुर्गनंतर ऊन इतकं कडक झालं की आत्यानं ओढणी खिडकीला लावली. समोरच्या फ्रेंच गृहस्थांनी डब्यातली स्ट्रॉबेरी पुढे केली, आम्ही दिवाळीत केलेल्यासारख्या शंकरपाळ्या दिल्या. वाचायला १९२५ च्या दक्षिण फ्रान्सवरच्या लेखांचा संग्रह. रोट सुखात असताना कसा लिहायचा, ते यात कळतं.

शनिवार, पॅरिस

र्‍यू द तुर्नों ही लुक्सांबुर्ग बागेसमोरची छोटी, चढाची गल्ली. ३३ नंबरला हॉटेल फोयो होतं. त्यानं स्वतःला हॉटेलचा नागरिक म्हणवून घेतलं होतं आणि फोयो हे त्याचं सगळ्यात जवळचं हॉटेल. १९३७ मध्ये ते पाडलं. तो समोर, १८ नंबरच्या कॅफे तुर्नोंच्या वर राहायला गेला आणि खालच्या टेबलाशी बसून आपल्या घराच्या भिंती पडताना बघत राहिला. सोळा वर्षं जिथं येऊन-जाऊन राहिलो ती जागा मोडतेय, असा लेख त्यानं १९३८ मध्ये लिहिला. मी वाचलेला घर गमावण्यावरचा हा सर्वांत संयमी मजकूर आहे. त्यात तो रडत नाही. मजूर काय करतात, भिंतीवरचा कागद कुठल्या रंगाचा दिसतो, हे सांगतो. फोयोच्या जागी आता लहानशी बाग आहे.

कॅफे चालू आहे, रोटची पाटीही आहे. वेटर तरुण होता. त्याला रोट माहीत होता, पण त्याहून जास्त तो पन्नासच्या दशकात इथं बसणाऱ्या रिचर्ड राइट, चेस्टर हाइम्स या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखकांबद्दल बोलला. घर सोडून आलेल्यांना हे टेबल मानवतं, असं त्याचं म्हणणं. ऑम्लेट, हिरवं सॅलड आणि लिंबूपाणी घेऊन आम्ही दुपारभर बसलो, कोणी उठवलं नाही.

शेवटची वर्षं तो इथून आम्स्टरडॅमच्या क्वेरिडो आणि आलर्ट द लांग या निर्वासित लेखकांच्या प्रकाशकांसाठी लिहीत होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये व्हिएन्नाला जाऊन, शेवटच्या बादशहाचा मुलगा ओटो हाब्सबुर्ग याला गादीवर बसवा म्हणजे ऑस्ट्रिया वाचेल, हे चान्सेलर शुश्निगना पटवायचा प्रयत्नही त्यानं केला. त्याला परत जायला सांगण्यात आलं. मार्चमध्ये जर्मन फौजा शिरल्या. मे १९३९ मध्ये न्यूयॉर्कला नाटककार एर्न्स्ट टोलरनं आत्महत्या केल्याची बातमी ऐकून तो या कॅफेतच कोसळला आणि २७ मे रोजी नेकेर रुग्णालयात वारला. वय अवघं ४४.

रविवार, तिए

पॅरिसच्या दक्षिणेला तिएची विस्तीर्ण दफनभूमी. सात नंबरच्या मेट्रोनं विल्झ्युइफच्या टोकाला उतरून ट्राम ७ घ्यायची. फाटकाशीच नकाशा मागून घ्या, नाहीतर उन्हात तंगडतोड होते. फाटकाबाहेरच्या फुलवालीनं कोणासाठी म्हणून विचारलं. नाव सांगितल्यावर म्हणाली, “त्याच्याकडे परदेशीच येतात.” आणि दोन कार्नेशन जास्तीची घातली.

दगडावर फ्रेंचमध्ये लिहिलंय: ऑस्ट्रियन लेखक, पॅरिसमध्ये निर्वासित असताना मृत्यू. ३० मे १९३९ ला त्याच्या दफनाला इथं कॅथलिक होते, ज्यू होते, राजेशाहीवादी आणि साम्यवादीही होते. बाप्तिस्म्याचा पुरावा नव्हता म्हणून कॅथलिक विधी अर्धवटच झाले, त्यावरून ज्यू मित्र नाराज. ओटो हाब्सबुर्गच्या नावानं पुष्पचक्र आलं आणि साम्यवादी पत्रकार एगॉन एर्विन किशही माती द्यायला हजर. तो ओटो २०११ मध्ये गेला आणि आम्ही पाहिलेल्या त्याच व्हिएन्नाच्या तळघरात आहे. रोट मात्र इथं, सरकारी कर्मचारी आणि भाजीवाल्यांच्या शेजारी. मला ही जागा त्याला जास्त शोभते असं वाटलं. त्यानं आयुष्यभर ज्यांच्याबद्दल लिहिलं, ती माणसं आजूबाजूला आहेत.

याच दफनभूमीत चेर्नोवित्सचा, जर्मनमध्ये लिहिणारा कवी पाउल त्सेलान आहे. दोघांच्या कबरींत बरंच अंतर आहे, पाणी बरोबर ठेवा.

सोमवार, पॅरिस

परतीच्या विमानाआधी सेंत-मारी दे बातिन्योल. ‘डी लेगेंडे फॉम हायलिगेन ट्रिंकर’ या त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या छोट्या कथेत, सीनच्या पुलाखाली झोपणाऱ्या आंद्रेआसला एक अनोळखी गृहस्थ दोनशे फ्रँक देतो आणि सांगतो, जमेल तेव्हा या चर्चमधल्या संत तेरेजला परत कर. तो फेडायला निघतो आणि दर वेळी वाटेत कोणीतरी, काहीतरी आडवं येतं. चर्च लहान, पांढरं, देवळासारख्या खांबांचं. आत सफाई करणाऱ्या बाईंनी न विचारताच हात करून तेरेजची मूर्ती दाखवली. पुस्तक हातात घेऊन येणारे त्यांना ओळखू येत असावेत.

विमानतळावर आत्याचा आणि माझा वाद झाला तो रोटची सुरुवात कुठून करावी यावर. ती म्हणते ‘हिओब’, नंतर लगेच ‘राडेट्स्कीमार्श’. मी म्हणते बर्लिनचे लेख आधी. ज्यांना जर्मन येत नाही त्यांच्यासाठी मायकल हॉफमननं त्याचं बहुतेक लेखन इंग्रजीत आणलंय आणि ते सहज मिळतं. लेख दोन-तीन पानांचे आहेत, रोज एक वाचला तरी चालेल. ग्लाइसड्राइएकपासून सुरू करा.